परवाकाकांचा समतोल

परवाकाकांच्या लेखात भेटणारा माणूस इतर कुणालाच कधी भेटला नाही. "परवाच एक गृहस्थ भेटले," अशी त्यांच्या लेखाची सुरुवात असायची आणि त्या गृहस्थांना हटकून देशाची काळजी लागलेली असायची. कधी गृहस्थांच्या जागी रिक्षावाला यायचा, कधी पेरूवाली, कधी कॉलेजात जाणारा मुलगा. पेरूवाली झाली तरी पुस्तकी मराठीतच बोलायची, मध्येमध्ये अर्धविराम घेत. आम्ही बेलवलीत एकाच इमारतीत राहायचो, काका वरच्या मजल्यावर आणि आम्ही तळमजल्यावर, जिन्याला लागून. त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक माणूस आमच्या दारावरून जायचा. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला आणि वर्षातून दोनदा त्यांचे साडू. देशाची काळजी लागलेला माणूस तो जिना चढताना आम्ही पाहिला नाही. मुलांनी त्यांचं नाव परवाकाका ठेवलं आणि हळूहळू मोठ्यांच्याही तोंडी तेच बसलं.

नोकरीने ते कल्याणच्या एका कचेरीत अधिकारी होते. पण ती ओळख त्यांना कमीपणाची वाटायची. उल्हासनगरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्यांचं 'समतोल' नावाचं सदर होतं, आणि दारावरच्या पाटीवर नावाखाली त्यांनी 'स्तंभलेखक' असं रंगवून घेतलं होतं. पाटी रंगवणाऱ्याने 'स्थंबलेखक' लिहिलं. काकांनी ते दोनदा पुसून घेतलं तरी खालचा 'थ' पाटीवर शेवटपर्यंत अंधुक दिसत राहिला.

रविवारी सकाळी ते गॅलरीत बसून लिहायचे. तेव्हा खाली कपडे आपटायचे नाहीत, मुलांनी क्रिकेट खेळायचं नाही, असा अलिखित नियम होता. जनसामान्यांची नाडी ओळखण्यासाठी त्यांना शांतता लागायची. जनसामान्य खाली अंगणात धुण्याचे पिळे हातात घेऊन त्यांचं लिखाण संपायची वाट बघत उभे असायचे.

त्यांचे विषय आम्हाला पाठ होते. जानेवारीत तरुण पिढी, मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये शाळाप्रवेश, गणपतीत लाउडस्पीकर, दिवाळीत फटाके, डिसेंबरात सरत्या वर्षाने काय शिकवलं. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळला आणि दहाही दिवस वीज नव्हती. समयांच्या उजेडात, टाळ वाजवून आरत्या झाल्या. बेलवलीत इतका शांत गणपती पुन्हा कधी झाला नाही. त्या आठवड्यात काकांचा लेख आला तो 'कर्णकर्कश भक्ती' असा. परवाच एका आजारी गृहस्थांची आवाजाने तीन रात्री झोप उडाली होती. मी काकांना म्हटलं, "अहो, यंदा वीजच नव्हती."

"बाई, तो लेख श्रावणातच लिहून ठेवला होता," ते म्हणाले. "आणि प्रश्न यंदाचा नाहीच. प्रश्न प्रवृत्तीचा आहे."

मला ते बाई म्हणायचे कारण मी उल्हासनगरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. साप्ताहिकाचा छापखाना शाळेच्या वाटेवर होता, त्यामुळे बुधवारी त्यांचं पाकीट पोचवायचं काम माझ्याकडे आलं. छापखान्याचे मालक सिंधी. आम्ही सगळे त्यांना साईं म्हणायचो. त्यांना मराठी वाचता यायचं नाही आणि त्याचं दुःखही नव्हतं. "आपके काका का लेख टाइम पे आता है, बस," एवढंच त्यांचं साहित्यविषयक मत होतं. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला गणपतराव होते. काकांचा लेख छापून झाला की गणपतराव सगळे खिळे सोडवून परत खान्यात टाकायचे, पण चार ओळी सुतळीने बांधून फळीवर तशाच ठेवायचे. त्यातली एक मी उलटीची सुलटी करून वाचली: 'याचा सर्वांनीच अंतर्मुख होऊन विचार करण्याची वेळ आली आहे.'

"दर आठवड्याला लागते," गणपतराव म्हणाले. "परत कशाला जुळवा?"

काकू, म्हणजे परवाकाकांच्या पत्नी, अगदी कमी बोलायच्या. एकदा जिन्यात त्या मला म्हणाल्या, "काश्मीरचं काय करावं ते यांना माहीत असतं. पण आज भाजी कुठली करू विचारलं, तर म्हणतात, तूच ठरव." आणि हसल्या. मला वाटतं काकांचे लेख नेमाने वाचणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग विहिरीचं प्रकरण झालं.

इमारतीला पाण्यासाठी मागच्या बाजूची विहीर होती. नळ यायचा होता, पण तो यायचा होता असं ऐकतच आम्ही तिथे राहायला गेलो होतो. विहिरीजवळच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना निघाला आणि वर्षभरात विहिरीच्या पाण्याला पिवळट झाक आली. भात शिजवला की हळद घातल्यासारखा दिसायचा. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या मानेवर आणि पाठीवर चट्टे उठले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाणी बदला म्हणाले. पाणी कुठून बदलणार? इमारतीतल्या आणखी चार मुलांना तेच झालं, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की अर्ज करायचा, आणि परवाकाकांना यावर लिहायला सांगायचं. एवढा छापून येणारा माणूस इमारतीत असताना तो कधी वापरायचा?

काका उत्साहाने हो म्हणाले. विहिरीवर येऊन त्यांनी पाण्यात वाकून बघितलं. माझ्या मुलीची पाठ बघितली आणि "छे छे" म्हणाले. ते मनापासून होतं, हे मी कबूल करते.

शनिवारी अंक आला. लेखाचं नाव 'विकास आणि पाणी'. सुरुवात अशी: 'परवाच शेजारच्या एक भोळ्या आजी मला म्हणाल्या, बाळा, कारखाना आहे म्हणून घराघरात चूल पेटते, पाण्याला थोडा रंग आला, तर एवढं काय बिघडलं? आजींच्या या साध्या शब्दांत केवढं शहाणपण आहे.' मग दुसरीकडे नागरिकांच्याही काही तक्रारी आहेत, अर्थात उद्योगही जगले पाहिजेत, आणि शेवटी ती सुतळीची ओळ.

आमच्या इमारतीत आजी एकच होत्या. आमच्या सासूबाई.

सासूबाई खरवई गावच्या. शेतात राबून मुलं वाढवली, अक्षरओळख नाही. पण त्यांना भोळ्या म्हणायला माणूस फारच लांबून बघणारा हवा. मी लेख वाचून दाखवला. त्यांनी मला तो दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि तांदूळ निवडायला बसल्या. मला वाटलं प्रकरण मिटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सातआठजणी अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो. सासूबाई पुढे होत्या. साहेबांनी अर्ज वाचला, मग खणातून ते साप्ताहिक काढलं. कारखान्याच्या माणसांनी ते आधीच आणून दिलं होतं, त्या आजींच्या वाक्याखाली लाल शाईची रेघ मारून. "तुमच्याच इमारतीतल्या जुन्या बाईंचं म्हणणं आहे हे," साहेब म्हणाले. "त्यांची काही तक्रार दिसत नाही."

"ती बाई मीच," सासूबाई म्हणाल्या. "मी असं बोलले नाय."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "छापून आलंय, आजी."

"मी इथं हुबी हाय नी मीच सांगते का नाय बोलले."

"हो, पण छापून आलंय ना," साहेब म्हणाले, आणि अर्ज ठेवून घेतो म्हणाले. आम्ही बाहेर आलो. सासूबाईंनी पदर खोचला आणि घराची वाट धरली.

घरी आल्यावर त्या पायातल्या वहाणा न काढता वरचा जिना चढल्या. मी मागोमाग गेले. काका आरामखुर्चीत होते, काकू स्वयंपाकघराच्या दारात.

"साहेब, मी असं कदी बोलले?" सासूबाईंनी विचारलं.

काका गोंधळले, मग समजुतीने म्हणाले, "आजी, त्या तुम्ही नाहीत हो. ती एक प्रातिनिधिक आजी आहे."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे तुमच्यासारख्या सगळ्या आज्या मिळून एक."

"मग त्या सगळ्यांना इचारलंत काय?"

"प्रत्येकीला विचारत बसलो तर लेख कधी लिहायचा?" काका म्हणाले, आणि लगेच आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते चष्मा पुसायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, आत्ता विचारा ना. त्या उभ्याच आहेत."

सासूबाई जमिनीवर बसल्या. "आता मी सांगते, नी तुमी लिवा," म्हणाल्या. काकांनी खरोखर वही घेतली. सासूबाईंनी सगळं सांगितलं. विहीर खणली तेव्हा पाणी कसं होतं, कुठल्या महिन्यात रंग आला, ओढ्यावरची म्हैस कधी मेली, कुठल्या पोराला चट्टे कधी उठले. अर्धा तास सांगत होत्या. काकांची लेखणी चालत होती. निघताना ते मला हळूच म्हणाले, "काय जबरदस्त बाई आहे हो." मला वाटलं, आता होईल काहीतरी.

शनिवारी लेख आला. नाव 'हरवत चाललेला संयम'. 'परवाच एक संतप्त आजी माझ्या घरी आल्या. त्यांच्या डोळ्यांत अंगार होता...' विहिरीचा उल्लेख अर्ध्या ओळीत, कारखान्याचा नाहीच. बाकी पूर्ण लेख, आपला समाज हल्ली इतका चिडका का झाला आहे, यावर. पूर्वीची ज्येष्ठ माणसं कशी शांत होती, आणि आता दूरदर्शनमुळे कसं सगळं बदललं. आमच्या घरी टीव्ही नव्हता.

ते वाचताना मला जो संताप आला तो आजही शब्दांत धरता येत नाही. या माणसाला कुणी विकत घेतलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. कारखान्याचं त्याने पाणीसुद्धा प्यायलं नसतं. पीत होता ते आमच्यासारखंच नाइलाजाने. तो फक्त लिहिण्यात इतका सरावला होता, की समोर माणूस रडत असला तरी त्याला त्यात आठशे शब्द दिसायचे. लबाड माणसाशी भांडता येतं. याच्याशी भांडलं तर त्या भांडणाचाच लेख व्हायचा.

बुधवारी पुढचं पाकीट घेऊन मी छापखान्यात गेले ती रागातच. गणपतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "बाई, तुम्ही लिहून द्या. नाव आणि सुरुवात त्यांचीच ठेवू, खाली तुमचा मजकूर जोडतो. साईंना कळणार नाही, आणि काकांना कळेपर्यंत अंक वाटून झालेला असेल."

मी एक दिवस मागितला. संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या खूश होतील.

"म्हंजे त्याच्या तोंडात आपन बोलायचं?" त्या म्हणाल्या. "त्यानं माज्या तोंडात घातलं, तेच ना?"

"पण आई, लोक त्यांचं वाचतात."

"कोन वाचतं? तूच सांगतेस कोनी वाचत नाय." मग म्हणाल्या, "माजं नाव घालून लिव. यमुनाबाई. गाव घाल, इमारत घाल. खाली आंगठा लिव."

मी लिहिलं. त्या सांगत गेल्या तसंच, एकही शब्द न सुधारता. शिक्षिकेला ते किती कठीण जातं ते शिक्षिकेलाच ठाऊक. साईंनी विचारलं, "इसमें गाली तो नहीं है?" मी नाही म्हटलं. "तो छापो." पत्र आलं ते काकांच्या लेखाला खेटून, त्याच पानावर. त्या आठवड्यात काकांचा विषय वाचनसंस्कृती होता.

नशिबाने तो अंक एका मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराच्या हाती लागला. तो बेलवलीला आला आणि म्हैस मेलेली जागासुद्धा बघून गेला. मग पाण्याचे नमुने नेले गेले, विहिरीवर लाकडी झाकण आलं, टँकर सुरू झाला. कारखान्याने बाहेर सोडायचं पाणी काही काळ थांबवलं. मुलीची पाठ हळूहळू साफ झाली. नळ यायला पुढे बराच काळ गेला, पण आला.

नळाला पाणी आलं त्या आठवड्यात 'समतोल'चा मथळा होता 'लेखणीचं सामर्थ्य'. 'या सदरातून आम्ही सातत्याने आवाज उठवला...' असं त्यात होतं. मी तो सासूबाईंना वाचून दाखवला नाही. त्या नळाखाली कळशी लावून बसल्या होत्या आणि मला तो आवाज मोडायचा नव्हता.

पुढे काही वर्षांनी काकू गेल्या. दुखणं फार नव्हतं, दोनतीन आठवड्यांत आटोपलं. काकांचं लिहिणं महिनाभर बंद होतं. मग एका बुधवारी सकाळी त्यांनी जिन्यात मला पाकीट दिलं आणि वर गेले. मी ते पाकीट कधी उघडलं नव्हतं, त्या दिवशी शाळेत उघडलं. 'परवाच एक गृहस्थ भेटले. त्यांच्या पत्नी नुकत्याच निवर्तल्या. गृहस्थ म्हणाले, घरात साखरेचा डबा कुठे असतो ते मला आजवर माहीत नव्हतं. ती गेल्यावर मी चार दिवस बिनसाखरेचा चहा प्यालो, आणि पाचव्या दिवशी तो डबा समोरच दिसला.' माझे डोळे भरून आले. वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल. पान उलटलं. 'अर्थात, भारतीय कुटुंबव्यवस्थेची हीच तर ताकद आहे. दुसरीकडे पाश्चात्त्य देशांत...' पुढे दोन पानं ते पाश्चात्त्य देशांत होते. स्वतःच्या बायकोच्या मरणाजवळसुद्धा त्यांना तीन ओळींपेक्षा जास्त थांबता आलं नाही. राग आला आणि कीवही आली. ते पाकीट मी पुन्हा चिकटवलं आणि नेऊन दिलं.

त्यानंतर वर्षाच्या आत मुलाने त्यांना नाशिकला नेलं. टेम्पो भरला तेव्हा ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंना म्हणाले, "येतो, आजी. रागावू नका." सासूबाई म्हणाल्या, "तिकडं थंडी असते. कानाला बांधा." तेवढंच. पाटी त्यांनी काढून बरोबर नेली.

ते वारल्याचं कळलं ते साईंकडून. मुलाने साप्ताहिकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. तोवर छापखान्यात कॉम्प्युटर आला होता आणि गणपतराव गावी परतले होते. साईं म्हणाले, "बाई, आप पड़ोसी थे. चार लाइन लिख दो."

मी दोन दिवस बसले. पहिल्या मसुद्यात लिहिलं, त्यांचे विचार सर्वांना पटत नसत, तथापि त्यांची तळमळ वादातीत होती. वाचलं आणि अंगावर काटा आला. फाडून टाकला. दुसऱ्यात सगळी विहीर लिहिली, लाल रेघेसकट. तोही फाडला, कारण त्यात मेलेला माणूस कुठे दिसेनाच, मीच दिसत होते. शेवटी सासूबाईंना विचारलं, "आई, त्यांच्याबद्दल खरं काय लिहू?"

"लिवायचा खोटंच," म्हणाल्या. "पन टँकरच्या लायनीत कदी मधी घुसला नाय. हापिसर मानूस, पोरास्नी धाडता आलं असतं. सोता बादल्या घेऊन हुबा राहायचा. माज्या मागं हुबा राहायचा, नी माजी कळशी उचलून द्यायचा."

मला ते आठवलं. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, दोन्ही हातांत बादल्या, आणि त्या रांगेत तरी तोंडातून एकही मत नाही. मी तेवढंच लिहिलं: 'या साप्ताहिकात बरीच वर्षं लिहिणारे आमचे शेजारी वारले. विहीर बंद झाल्यावर दीड वर्ष टँकर येत होता. त्या रांगेत ते रोज स्वतः उभे राहत आणि म्हाताऱ्या माणसांच्या कळश्या उचलून देत.'

"बस, इतना ही?" साईंनी विचारलं. मी म्हटलं, "इतकंच."

शनिवारी अंक आला. सासूबाईंना तेव्हा कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"दीड वरीस नाय," म्हणाल्या. "होळीला चालू झाला, नी दुसऱ्या सालच्या दिवाळीला बंद. वीस म्हैने. वीस म्हैने हुबा राहिला तो."

मी बुधवारी परत छापखान्यात गेले आणि साईंना म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, "बाई, आदमी तो चला गया. अब क्या सुधारना?"

"तरी छापा," मी म्हटलं.

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, तळाशी, त्यांनी ती एका ओळीत छापली.